आयरिश नाचात हात का हलत नाहीत?

आयरिश नाच पहिल्यांदा बघणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यांचे हात का हलत नाहीत? पाय इतके भरभर चाललेले की नजर पुरत नाही, टाचा एकमेकींवर आपटतायत, पोरगी हातभर वर उडतेय, आणि दोन्ही हात मात्र मुठी मिटून अंगालगत खाली.

उत्तरंही ठरलेली आहेत. सगळ्यात लोकप्रिय उत्तर इंग्रजांचं. आयर्लंडवर त्यांचं राज्य, नाचगाण्यावर वक्रदृष्टी, म्हणून लोक घरात अशा बेताने नाचायचे की खिडकीतून डोकावणाऱ्या शिपायाला वाटावं, माणूस नुसता उभा आहे. दुसरं उत्तर पाद्र्यांचं: हात हलले की चवचालपणा, म्हणून चर्चने ते बांधून टाकले. तिसरं उत्तर जागेचं: झोपड्याच एवढ्याशा, हात पसरणार कुठे?

खिडकीची गोष्ट ऐकायला झकास आहे, पण जरा टोकरली की फुटते. उड्या मारणारा माणूस कुठल्याही खिडकीतून स्वस्थ उभा दिसत नाही. सोबत फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजतंय ते शिपायाला ऐकू येत नव्हतं का? आणि खरी अडचण पुढेच आहे. पश्चिम किनाऱ्यावर कॉनेमारा नावाचा खडकाळ मुलूख आहे, जिथे आजही बऱ्याच घरांत आयरिश भाषा बोलतात. तिथला जुना नाच हात मोकळे सोडून होतो. भीतीने किंवा जागेच्या अडचणीने हात आखडले असते, तर सगळ्यात आधी तिथले आखडले असते.

हात आखडले ते आधी नाच शिकवणाऱ्या मास्तरांच्या शिस्तीमुळे आणि मग स्पर्धांच्या गुणांमुळे. आज ज्याला आपण ‘पारंपरिक आयरिश नाच’ म्हणतो तो जितका गावच्या स्वयंपाकघरात घडला, तितकाच कमिटीच्या बैठकांत घडला. हे एकदा ध्यानात घेतलं की या नाचातल्या बऱ्याच चमत्कारिक गोष्टींचा उलगडा होतो. विग, गुण, भांडणं, सगळ्यांचाच.

दार काढायचं आणि त्यावर नाचायचं

फार जुन्या काळाबद्दल ठामपणे बोलता येईल असं हाती थोडंच आहे. चित्र स्पष्ट होतं ते अठराव्या शतकात. आर्थर यंग नावाचा इंग्रज शेतीतज्ज्ञ 1776 ते 1779 या काळात आयर्लंडभर हिंडला. त्याने लिहून ठेवलंय की गरिबांच्या जवळजवळ प्रत्येक झोपडीत नाच आहे, त्यांच्यातलेच नाचाचे मास्तर एखादा पायपर (पाइप हे वाद्य वाजवणारा) किंवा आंधळा फिडलवाला बरोबर घेऊन घरोघर फिरतात, आणि फी तिमाहीला सहा पेन्स.

हा फिरता मास्तर मोठा नमुनेदार माणूस. एखाद्या शेतकऱ्याच्या घरी मुक्काम ठोकायचा, आसपासची पोरं गोळा करायची, पाचसहा आठवडे शिकवायचं, की चालला पुढच्या गावाला. स्वतःला तो सभ्य गृहस्थ समजे. वादकापेक्षा आपण वरचढ, असा त्याचा तोरा. पोरांना तो नुसती पावलं शिकवत नसे. पाठ ताठ कशी ठेवायची, खोलीत आत कसं यायचं, लवून नमस्कार कसा करायचा, हेही त्याच्या शिकवणीत असे. ताठ अंगाची आणि बंदोबस्तात ठेवलेल्या हातांची पहिली बीजं इथे आहेत. गावंढळपणा काढून टाकण्याची ही शिकवणी होती, आणि हात उडवणं त्यात गावंढळ ठरत होतं. हात खाली राहावेत म्हणून काही मास्तर मुलांच्या हातात दगड देत, असंही सांगतात. डावं-उजवं न कळणाऱ्या पोरांच्या एका पायाला गवत आणि दुसऱ्याला पेंढा बांधून ‘गवत पुढे, पेंढा मागे’ असं शिकवायची युक्ती तर आयर्लंडमध्ये सगळ्यांना तोंडपाठ आहे.

जमीन मातीची. मातीवर पावलांचा आवाज उठत नाही. मग घराचं दार बिजागरीवरून काढून खाली अंथरायचं आणि त्यावर नाचायचं. चुलीपुढे सपाट फरशी असली तर मान तिचा. काही घरांत तर फरशीखाली घोड्याची कवटी पुरत. पोकळ कवटीने नाचाचा आवाज घुमतो म्हणून, असं जुनी माणसं सांगत. आणि जुन्या घरांच्या जमिनी उकरताना अशा कवट्या खरोखर सापडल्या आहेत. दाराएवढ्या जागेत नाचायचं म्हणजे इकडेतिकडे पळायला वाव नाही. जागच्या जागी, पायाखालच्या तेवढ्याच तुकड्यावर जास्तीत जास्त काम करणारा तो उत्तम नर्तक. आजच्या स्पर्धेतली मुलगी अख्खं स्टेज व्यापते. तिच्या पणजोबाच्या मास्तराला ते पोरकट वाटलं असतं.

हा नाच शंभर टक्के आयरिश मातीतला होता का? नाही, आणि तसा कुठलाच नाच नसतो. रील हा प्रकार स्कॉटलंडकडून आला. हॉर्नपाइप इंग्लंडचा. नेपोलियनच्या लढायांनंतर पॅरिसमध्ये गाजलेला क्वाड्रिल, म्हणजे चार जोडप्यांनी चौकोन करून नाचायचा प्रकार, सैनिकांबरोबर आयर्लंडमध्ये उतरला. गावकऱ्यांनी तो उचलला, त्याला आपली गाणी लावली, आपली पावलं घुसवली, आणि त्याला ‘सेट’ म्हणू लागले. क्लेअर परगण्यात कॅलेडोनियन सेट इतका रुजला की तो बाहेरचा आहे हे तिथल्या माणसाला सांगूनही पटलं नसतं.

पण ते सांगणारी मंडळी आलीच.

केरीचा मास्तर लंडनमध्ये

31 जुलै 1893 रोजी डब्लिनमध्ये गेलिक लीग स्थापन झाली. डग्लस हाइड पहिले अध्यक्ष. पुढे 1938 मध्ये हेच गृहस्थ आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. लीगचं मुख्य काम मरू घातलेली आयरिश भाषा वाचवणं. नाच हा त्यातला जोडधंदा. पण भाषेच्या वर्गाला माणसं येत नाहीत आणि नाचाला येतात, हा अनुभव जगभरच्या भाषाप्रेमी मंडळांचा आहे.

यातला मजेदार भाग असा की आयरिश ‘केइली’, म्हणजे सगळ्यांनी मिळून नाचायचा जो कार्यक्रम आज आयरिशपणाची खूण मानला जातो, तो पहिल्यांदा झाला लंडनमध्ये. 30 ऑक्टोबर 1897, ब्लूम्सबरी हॉल. लीगच्या लंडन शाखेचे चिटणीस फिनान मॅक कॉलम आणि त्यांचे सोबती तिथल्या स्कॉटिश लोकांच्या संमेलनांना जाऊन आले होते. आपलंही असं काही हवं, म्हणून त्यांनी हा घाट घातला. नाचले काय? सेट, क्वाड्रिल आणि वॉल्ट्झ. गावात जे चालायचं तेच.

मग प्रश्न आला: हे ‘आपलं’ आहे का? नसेल तर आपलं कुठलं? लंडनमध्येच केरी परगण्यातल्या कॅसलआयलंडचे पॅट्रिक रीडी नावाचे नाचाचे मास्तर राहत होते. त्यांना गाठलं, त्यांच्याकडून समूहनाच शिकले, मंडळी केरीला जाऊन आणखी नाच गोळा करून आली. 1902 मध्ये ओकीफ आणि ओब्रायन या दोघांनी या नाचांचं पुस्तकच काढलं. पुस्तकात आलं ते अस्सल, बाहेर राहिलं ते परकं, अशी सोयीची विभागणी होऊन बसली. सेट परकीय ठरले आणि लीगच्या कार्यक्रमांतून बाद झाले. गंमत ही की मान्य झालेल्या समूहनाचांच्या रचनेतही त्या परक्या क्वाड्रिलच्या घराण्याचा अंश होताच. त्यावरून वर्तमानपत्रांत भरपूर धुरळा उडाला. कोण किती शुद्ध, याचा निवाडा नाचून होत नाही, पत्रं लिहूनच होतो.

एकट्याने नाचायच्या नाचातही निवड झाली. दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांताची शैली, चवड्यांवर उंच, अंग ताठ, लीगला पसंत पडली आणि तीच स्पर्धांचं माप बनली. पश्चिमेकडची, पाऊल जमिनीलगत ठेवून हात मोकळे सोडणारी शैली मागे राहिली. तिला कुणी बंदी घातली नाही. तिला बक्षीस मिळेनासं झालं, एवढंच. परिणाम तोच.

1930 मध्ये लीगने यासाठी वेगळी संस्था उभी केली: अन कॉमिशून ले रिंकी गेलाखा, म्हणजे आयरिश नाचांचा आयोग. शिक्षक व्हायचं तर आयोगाची परीक्षा, परीक्षक व्हायचं तर आणखी वरची परीक्षा, कुठला समूहनाच कसा करायचा याच्या अधिकृत पुस्तिका. 1969 मध्ये शिक्षकांचा एक मोठा गट फुटून त्याने आपली वेगळी संघटना काढली. नंतरही फाटे फुटत राहिले. कुठल्याही नाट्य परिषदेचा किंवा कुस्तीगीर संघाचा इतिहास माहीत असलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

नाचघरांचा कायदा

इंग्रज गेले, तरी नाचणाऱ्यांना मोकळीक मिळाली असं झालं नाही. उलट सगळ्यात कडक पहारा स्वतंत्र आयर्लंडमध्ये बसला. 1925 मध्ये आयर्लंडच्या बिशपांनी नाचगृहांतल्या अनाचाराविरुद्ध एकत्रित पत्रक काढलं आणि ते चर्चमधून वाचून दाखवलं गेलं. आयरिश नाचांना त्यात अभय होतं. एक मुद्दा असा की हे नाच इतके दमवतात की माणूस तासन्‌तास नाचूच शकत नाही! जाझ आणि मिठीतले नाच हे खरे शत्रू.

लीट्रिम परगण्यात जिमी ग्रॅल्टन नावाचा माणूस अमेरिकेत राहून, तिथला नागरिक होऊन परत आला होता. त्याने गावात एक हॉल चालवला. तिथे नाच व्हायचे, वर्ग व्हायचे, आणि जमीनदारांविरुद्ध सभाही व्हायच्या. पाद्री खवळले, हॉल जाळला गेला, आणि 1933 मध्ये सरकारने ग्रॅल्टनला त्याच्याच जन्मभूमीतून ‘नको असलेला परदेशी’ म्हणून अमेरिकेला हाकलून दिलं. खरा राग त्याच्या साम्यवादी राजकारणाचा होता. पण गावातलं एक नाचघर किती डोळ्यांत खुपू शकतं हे यातून कळतं. त्याला दिलेली ही वागणूक चुकीची होती असं आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीरपणे म्हटलं, ते 2016 मध्ये.

1935 मध्ये नाचघरांचा कायदा आला. सार्वजनिक नाचाला न्यायालयाचा परवाना हवा. कायद्याचा रोख खरं तर तिकीट लावून चालणाऱ्या नाचांवर होता. पण गावोगावचे पाद्री आणि पोलीस यांनी तो घरगुती नाचांवरही चालवला, म्हणजे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शेजारीपाजारी जमून रात्री जे नाच व्हायचे त्यांच्यावर. नाच घरातून उठला आणि परवान्याच्या हॉलमध्ये गेला, जिथे बऱ्याचदा पाद्रीच देखरेखीला असे. मोठ्या हॉलला एकटं फिडल पुरेना, म्हणून अॅकॉर्डियन, पियानो, ड्रम घेतलेले केइली बँड फोफावले. खिडकीतून डोकावणाऱ्या शिपायाची गोष्ट इंग्रजांवर खपवली जाते. पण घरातल्या नाचावर धाड पडल्याच्या आठवणी विसाव्या शतकातल्या आहेत, आणि धाड टाकणारे आयरिशच होते.

साबुदाणा आणि कोशिंबीर

आता पायांकडे येऊ. नावं बरीच ऐकू येतील, पण मूळ हिशेब मात्रांचा आहे आणि आपल्याला तो परका नाही. रील आठ मात्रांच्या चालीने जातो. केरवा कानात असेल तर पटकन सापडतो. जिग सहा मात्रांचा, दादऱ्यासारखा तीन-तीनमध्ये विभागलेला. स्लिप जिग नऊ मात्रांचा, तीन वेळा तीन. हॉर्नपाइप रीलसारखाच मोजायचा, पण त्यात एक लांब, एक आखूड अशी डुलकी असते.

आयर्लंडमध्ये जिग ओळखायला ‘रॅशर्स अँड सॉसेजेस’ असं म्हणायला शिकवतात. मराठीत सोय आणखी चांगली आहे. धून लावा आणि ‘साबुदाणा, साबुदाणा’ म्हणत राहा. बसलं तर रील. ‘कोशिंबीर, कोशिंबीर’ बसलं तर जिग. कोशिंबीर तीनदा म्हटल्यावरच ओळ पुरी होत असेल तर स्लिप जिग. उपासाच्या दिवशी फक्त रील ऐकावा.

धुनेचा साचाही ठरलेला असतो. आठ आवर्तनांचा एक भाग, तो दोनदा, मग आठांचा दुसरा भाग, तोही दोनदा, असे बत्तीस. नाचाची एक ‘स्टेप’ आठ आवर्तनांची असते. ती आधी उजव्या पायाने सुरू करून करायची आणि मग जशीच्या तशी डाव्या पायाने. इथे भल्याभल्यांचं पितळ उघडं पडतं, कारण उजव्या पायावर घोटलेली गोष्ट डाव्यावर तितकी स्वच्छ येत नाही, आणि परीक्षक तिथेच टपलेला असतो.

बुटांच्या दोन जाती. मऊ बूट म्हणजे पातळ काळं कातडं, लांब नाडी पावलावर आडवीतिडवी ओढून बांधलेली. यात आवाज नाही. यात उंच उडणं, हवेत पाय लांब करणं आणि मांजराच्या पावलांनी उतरणं. रील, स्लिप जिग यांत. मुलांच्या मऊ बुटाला मात्र टाच असते. कडक बूट जड असतात. चवड्याखाली आणि टाचेला फायबरग्लासचे ठोकळे. पूर्वी तिथे खिळे ठोकत. ट्रेबल जिग आणि हॉर्नपाइप या बुटांतले.

कडक बुटांतल्या पायाभूत हालचालीला ट्रेबल म्हणतात. वजन एका पायावर. दुसरा पाय घोट्यातून सैल. तो पुढे झटकताना चवड्याचा ठोकळा जमिनीला ओझरता लागतो: टक. तसाच मागे येताना पुन्हा: टक. मग पाऊल खाली. एका झटक्यात दोन स्वच्छ वेगळे आवाज आले पाहिजेत. नवशिक्याचे ते एकमेकांत मिसळून ‘खर्र’ असं होतं. हे सगळं करताना दोन्ही पाय एकमेकांवरून ओलांडलेले, पंजे बाहेर वळलेले, गुडघे जवळ, टाचा उचललेल्या. मऊ बुटातली मुलगी चवड्यावर इतकी उंच उभी असते की टाच टेकली की गुण गेलेच.

आता एक उलटी वाटणारी गोष्ट. नवख्यांना जलद संगीत देतात आणि तरबेज नर्तकांना संथ. नवख्यांची ट्रेबल जिग मेट्रोनोमवर, म्हणजे मिनिटाला किती ठोके ते मोजणाऱ्या यंत्रावर, 92 ला वाजते, अजिंक्यपदाच्या पातळीवरची 73 ला. कारण संगीत संथ झालं की दोन ठोक्यांमधली जागा वाढते, आणि त्या जागेत पायांनी किती काम करायचं ते नर्तकावर सोडलेलं असतं. कथकमध्ये विलंबित लयीत पायांचं बारीक काम भरतात, ते तत्त्व हेच. जलद संगीतावर साधी पावलं पुरतात. संथ संगीतावर साधी पावलं उघडी पडतात.

100, 75, 65

नाचाच्या स्पर्धेला ‘फेश’ म्हणतात. अजिंक्यपदाच्या स्पर्धेत साधारण तीन फेऱ्या: एक मऊ बुटांची, एक कडक बुटांची, आणि वरच्या स्पर्धकांसाठी तिसरी, ‘सेट डान्स’ची. इथला सेट डान्स म्हणजे तो चार जोडप्यांचा सेट नाही; ठरावीक जुन्या धुनेवर एकट्याने करायचा नाच. (एकाच नावाचे दोन प्रकार ठेवून आयरिश लोकांनी नवख्यांची चांगलीच फिरकी घेतली आहे.) पहिल्या फेऱ्यांत दोन-तीन जण एकाच वेळी स्टेजवर असतात, प्रत्येकाच्या स्टेप वेगळ्या, एकमेकांना धडकायचं नाही. परीक्षक बघतात ते लय, पावलांची सफाई, अंगाची ठेवण आणि स्टेपची अवघडता. ‘अंगाची ठेवण’ या रकान्यातच आपल्या हातांचं उत्तर दडलेलं आहे. हलणारा हात गुण खातो. गुण खाणारी गोष्ट शिक्षक आधी बंद करतो. दोन पिढ्यांत ती परंपरा होते.

गुणांची पद्धत समजून घ्यायला मजा येते. परीक्षक 100 पैकी गुण देतात, पण ते तसेच बेरजेत धरत नाहीत. कारण एक परीक्षक हात सैल सोडून 90 देतो, दुसरा हात आखडून 65. म्हणून प्रत्येक परीक्षकाच्या यादीत कोण कितवा आला एवढंच बघतात आणि त्या क्रमांकाला ठरलेले गुण देतात: पहिल्याला 100, दुसऱ्याला 75, तिसऱ्याला 65, चौथ्याला 60, पाचव्याला 56, आणि असंच खाली. पहिला आणि दुसरा यांतली दरी पंचवीस गुणांची, पुढे ती झपाट्याने कमी होत जाते.

समजा तीन परीक्षक आहेत. एका मुलीला तिघांनीही दुसरी ठरवलं: 225. आणखी एकीला एकाने पहिली आणि दोघांनी तिसरी ठरवलं: 230. ही 230 वाली जिंकली. म्हणजे सगळ्यांना बऱ्यापैकी आवडण्यापेक्षा एकाला तरी वेड लावणं फायद्याचं. या गणिताने नाच दिवसेंदिवस उंच उड्यांकडे आणि ठसठशीत क्लृप्त्यांकडे ढकलला, असं माझं मत आहे. आणि याच गणितामुळे एका परीक्षकाच्या मर्जीला भलतीच किंमत येते. परीक्षक बहुधा स्वतः कुठेतरी शिक्षकच असतात. स्वतःच्या विद्यार्थ्याला गुण देता येत नाहीत, पण ओळखीपाळखी असतातच. 2022 मध्ये शिक्षक आणि परीक्षक यांच्यात निकालांसाठी संगनमत झाल्याचे आरोप जाहीर झाले, मेसेजचे फोटो फिरले, आणि आयोगाला चौकशीसाठी निवृत्त न्यायाधीशांची मदत घ्यावी लागली.

सगळ्यात वरची स्पर्धा जागतिक अजिंक्यपदाची. पहिली 1970 मध्ये डब्लिनच्या पार्नेल स्क्वेअरमधल्या एका शाळेत भरली. 2002 मध्ये ती प्रथमच आयर्लंडबाहेर, ग्लासगोला गेली आणि 2009 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला.

पोशाखाबद्दल थोडक्यात. शंभर वर्षांपूर्वी मुली रविवारचे चांगले कपडे घालून नाचायच्या. मग जुन्या हस्तलिखितांतल्या गाठीगाठींच्या नक्षीचं भरतकाम आलं, खांद्यावर शाल आणि ब्रोच आला. आता खडे जडवलेले, हजार युरोच्या वर जाणारे झगे आहेत. केस कुरळे करायला रात्रभर रोलर लावून झोपायचं, या जाचातून सुटका म्हणून नव्वदीच्या दशकात विग आले. आणि मग विगच मोठे होत गेले. पायमोजे घसरू नयेत म्हणून ते पोटरीला गमाने चिकटवतात. लहान वयोगटातल्या मुलींच्या मेकअपवर आयोगाने बंदी घातली आहे, आणि ती घालावी लागली यातच सगळं आलं.

सात मिनिटं

30 एप्रिल 1994. डब्लिनच्या पॉइंट थिएटरमध्ये युरोव्हिजन ही देशादेशांमधली गीतस्पर्धा. मतमोजणी होईपर्यंत प्रेक्षकांना गुंतवायला मध्यंतराचा एक कार्यक्रम लागतो. निर्मात्या मोया डोहर्टी यांनी तो नाचाचा करायचं ठरवलं, संगीत बिल व्हेलन यांचं. सात मिनिटांचा तुकडा, नाव ‘रिव्हरडान्स’. त्या वर्षी स्पर्धाही आयर्लंडनेच जिंकली, पण लक्षात राहिला तो मध्यंतर. 9 फेब्रुवारी 1995 ला त्याच थिएटरमध्ये त्याचा पूर्ण कार्यक्रम सुरू झाला आणि जगभर फिरला.

त्यात नवीन काय होतं? पावलं बरीचशी स्पर्धेतलीच. पण विग नव्हते, छातीवरचे बिल्ले नव्हते, एका ओळीत उभे राहून सगळ्यांचे कडक बूट एकत्र वाजत होते, आणि मायकल फ्लॅटली हात उघडून नाचत होता. फ्लॅटली शिकागोत जन्मलेला. 1975 मध्ये जागतिक अजिंक्यपद जिंकणारा पहिला अमेरिकन. त्याच्याबरोबरची जीन बटलर न्यूयॉर्कची. पहिली केइली लंडनची, आणि पुनर्जन्म घडवणारी जोडी अमेरिकेची.

हे अपघाताने झालेलं नाही. 1845 ते 1852 च्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. ती जिथे गेली तिथे नाच गेला. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या गरीब वस्तीत आयरिश आणि कृष्णवर्णीय लोक शेजारी राहत, एकमेकांचे पाय बघत. कृष्णवर्णीय विल्यम हेन्री लेन ऊर्फ मास्टर जुबा आणि आयरिश वंशाचा जॉन डायमंड यांच्या जाहीर नाचाच्या लढती 1840 च्या दशकात गाजल्या. अमेरिकन टॅपची एक मुळी आफ्रिकी, एक आयरिश, ती अशी.

हात मोकळे असलेला नाच

कमिटीने बाजूला ठेवलेल्या गोष्टी मेल्या नाहीत. कॉनेमाराचा ‘शान-नोस’, म्हणजे जुन्या वळणाचा नाच, आता पुन्हा मानाने नाचला जातो. यात ठरलेली स्टेप नाही. वादक वाजवतो, नर्तक त्या धुनेला पायांनी उत्तर देतो. टाच आणि चवडा जमिनीलगत, अंग सैल, हात येतील तसे. कुणी झाडू घेऊन त्याच्यावरून पाय टाकत नाचतो. बघण्यापेक्षा तो ऐकावा. स्पर्धेतला विजेता आणि कॉनेमाराचा साठीचा मासेमार एकाच धुनेवर नाचताना लागोपाठ बघा. दोन वेगळ्या देशांचे नाच वाटतील.

सेटही परतले. 1973 पासून क्लेअरमधल्या मिलटाउन मॅलबे या छोट्या गावात दर जुलैत पायपर विली क्लॅन्सी यांच्या स्मरणार्थ संगीताचं शिबिर भरतं. ऐंशीच्या दशकात तिथे सेट शिकवायला सुरुवात झाली आणि ‘परके’ ठरलेले सेट देशभर पुन्हा पसरले. म्हाताऱ्यांच्या पायांत ते शिल्लक होते म्हणून हे जमलं. दहावीस वर्षं आणखी गेली असती तर कठीण होतं.

स्वतः नाचायचं तर

कुठल्याही केइलीत पहिल्यांदा गेलात तर बहुधा ‘वॉल्स ऑफ लिमरिक’ या समूहनाचाला उभे राहाल. लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे नाचतात आणि चुकलं तर कुणी काही म्हणत नाही. सगळी जोडपी रांगेत, दोन-दोन जोडपी समोरासमोर. बाई पुरुषाच्या उजव्या हाताला.

आधी दोन्ही जोडपी हात धरून पुढे येतात आणि मागे जातात, दोनदा. मग दोघी बाया आडव्या पावलांनी एकमेकींच्या जागी जातात, त्यानंतर दोघे पुरुष. आडवं पाऊल सात मोजून टाकायचं, मागचा पाय पुढच्याच्या मागे ओढत: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आणि शेवटी जागच्या जागी तीन-तीन पावलं दोनदा. आता समोरच्या परक्या जोडीदाराचा हात धरून असेच सात बाहेर, सात आत. शेवटी आपल्या जोडीदाराला धरून गोल फिरायचं आणि मघाच्या जोडप्याकडे पाठ करून थांबायचं. बत्तीस आवर्तनं संपली. समोर नवं जोडपं उभं असतं. त्यांच्याबरोबर पुन्हा पहिल्यापासून.

फिरताना पुरुष आपल्या डावीकडच्या बाईकडे वळला की रांग मोडते, आणि ते दर केइलीत कुणी ना कुणी करतंच. अशा वेळी शेजारचा अनुभवी माणूस खांदा धरून तुम्हाला सरळ योग्य दिशेला फिरवतो आणि नाच चालू राहतो. पाय दुखेपर्यंत नाचा, पण टाचेचे बूट घालून जाऊ नका.